बंद पडलेली बारी पुन्हा कशी सुरू झाली

श्रोतेहो, जत्रांच्या दिवसांत जुन्नर-आंबेगावात बैलगाड्यांचा घाट भरतो. चढावर चार बैलांचा रिकामा गाडा सुटतो; पुढे जुकाटाची जोडी, मागे धुरेची, अन् सर्वांच्या पुढे घोडीस्वार. गाड्यावर कुणी बसत नाही. निकाल घड्याळ देते.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा खेळ थांबवला. त्याच निकालाने तमिळनाडूचे जल्लीकट्टूही थांबले. तिकडे गाडा नसतो बरं का. उधळलेल्या बैलाच्या वशिंडाला माणूस बिलगतो. दोन्हीकडच्या शौकिनांनी आपापला खेळ परत मागितला. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुणांची रीघ लागली, कायदा झाला, जल्लीकट्टू सुरू झाले. कायदा आपल्याकडेही २०१७ सालीच झाला. पण बैलाच्या शरीराची ठेवण शर्यतीसाठी नाही, असे म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी रोखली. घाट मोकळा झाला तो १६ डिसेंबर २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. पुढे १८ मे २०२३ रोजी दोन्ही कायदे वैध ठरले.

तुम्ही म्हणाल, मग आता काळजी कसली? काळजी अटींची. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, पशुवैद्याची तपासणी हवी; अंतर १००० मीटरांपेक्षा जास्त नको; काठी, चाबूक, विजेचा झटका तर मुळीच नको. गुरुजी, मुलांना एवढे सांगाच: खेळ परत मिळाला तो कायद्याने; टिकेल तो मात्र घाटात उभ्या माणसाचा हात रिकामा राहिला तरच.