मोसंबीवरील रात्रीचा चोर

श्रीरामपूर-राहुरीकडील मोसंबीच्या बागाईतदारांस भाद्रपद महिना धाकाचा वाटतो. फळ भरत आलेले असते, रंग फिरू लागलेला असतो, आणि एके सकाळी झाडाखाली फळांचा सडा पडलेला दिसतो. पाणी कमी झाले की खत चुकले, या तर्कांत आठवडा जातो. तेच फळ निरखून पाहिले, तर सालीवर टाचणीने टोचल्यासारखे छिद्र व त्याभोवती मऊ, कुजट वर्तुळ आढळते. हे काम रस शोषणाऱ्या पतंगाचे होय.

आम्ही महसूल खात्यात कारकुनी केली. अशाच एका बागेच्या पाहणीस भर दुपारी गेलो असता एकही कीड दिसली नाही. ‘फळगळ, कारण अज्ञात’ असे लिहून परतलो. त्याची आज खंत वाटते. हा चोर दिवसा झुडपांत दडतो. दिवेलागणीनंतर गेलो असतो, तर नारिंगी पंखांवर काळा डाग असलेला पतंग फळात सोंड रुतवून बसलेला दिसला असता.

बहुतेक किडींत अळी पीक खाते व पतंग निरुपद्रवी असतो. येथे उलटा प्रकार आहे. अळी मोसंबीस तोंड लावीत नाही. ती बांधावरील गुळवेल, वासनवेल यांवर पोसते. मृगाच्या पावसाने कुंपणे हिरवी झाली की तिची चंगळ होते, आणि मघांपासून हस्तापर्यंत पतंगांची गर्दी उसळते. नेमकी तेव्हाच आंबे बहाराची फळे पक्व होतात. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले. प्रवरेच्या पाटपाण्यावर उन्हाळ्यात हा बहार पोसता येऊ लागला. मृग बहाराचे फळ फाल्गुनाच्या सुमारास उतरते व या पतंगापासून बव्हंशी वाचते. परंतु त्यास उन्हाळ्याच्या तोंडी विहिरीत पाणी हवे. ते सर्वांस कोठून? म्हणून सरसकट बहार बदला, असे आम्ही सांगणार नाही.

आषाढातच बांधावरील वेली उपटाव्या. गुळवेल औषधी म्हणून वडीलधारी मंडळी कुरकुरतात. त्यांच्यासाठी एक वेल अंगणात, डोळ्यांसमोर राखावी. मात्र शेजाऱ्याचा बांध तसाच राहिला तर आपले श्रम व्यर्थ, कारण पतंगास बांधाची हद्द ठाऊक नसते. गळालेली फळे रोज वेचून खोल पुरावी. त्यांच्या वासाने पतंग येतात. सायंकाळी बागेत ओल्या पाल्याचा धूर करावा. पावसाची झड असली की धूर धरत नाही. अशा रात्री विजेरी व जाळी घेऊन झाडोझाड फिरावे आणि फळावर बसलेले पतंग धरून मारावे.