शाळकरी पोरांचे दुकान आणि समाजसेवेचा हिशेब



आपल्यापैकी पुष्कळांची मुलं दहावीनंतर पुण्याला शिकायला जातात. सुट्टीत घरी आली की सांगतात, आमच्या वाणिज्य मंडळानं वह्या विकल्या, त्यातून वृद्धाश्रमाला धान्य दिलं, घाटावर निर्माल्य गोळा केलं. घरची वडीलधारी मंडळी मग विचारतात, पोराला व्यापार शिकायला घातलं, हे समाजसेवेचं खूळ मधेच कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. सहकारात वावरणाऱ्या माणसाला त्याचे उत्तर जरा लवकर समजेल असे आम्हांस वाटते, म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

हायस्कूलमधल्या मुलांनी व्यवसाय शिकण्यासाठी मंडळ काढायचे ही चाल अमेरिकेत जुनी आहे. 'फ्यूचर बिझनेस लीडर्स ऑफ अमेरिका' या संघटनेची पहिली शाखा १९४२ साली टेनेसी राज्यातल्या जॉन्सन सिटी गावच्या हायस्कुलात निघाली. हिशेब, भाषण, सभेचे कामकाज यांच्या जोडीला गावासाठी काही काम करणे हेही तिथे पहिल्यापासून कामाचाच भाग मानले जाते. रोटरीवाल्यांनी १९६२ साली फ्लॉरिडातल्या मेलबर्न गावी शाळकरी मुलांचा पहिला 'इंटरॅक्ट क्लब' काढला, तो तर मुळात सेवेसाठीच. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तीत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. पुढे ती अकरावी-बारावीपर्यंतही आली. म्हणजे हे खूळ काही आजचे नव्हे.

पण आम्हांला यातला सहकाराचा धागा जास्त महत्त्वाचा वाटतो. १८४४ साली इंग्लंडात रॉचडेल येथे २८ जणांनी दुकान मांडले, त्यात पीठ, लोणी, ओटचे पीठ, साखर असा मोजकाच माल होता. (साखर होती, हे आपण कारखानदारांनी ध्यानात ठेवायला हरकत नाही!) त्याच दुकानाने पुढे नफ्यातले शेकडा अडीच शिक्षणासाठी बाजूला काढायला सुरुवात केली. १९९५ साली आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने सहकाराची तत्त्वे नव्याने मांडली, त्यात सातवे तत्त्व समाजाविषयी आस्था हे घातले. दुकान आणि समाज या दोन गोष्टी सहकारात कधी वेगळ्या नव्हत्याच.

आपला कायदाही या कामी उदार आहे, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. एरवी करार करण्यास पात्र असल्याखेरीज, म्हणजे सज्ञान असल्याखेरीज कुणालाही सहकारी संस्थेचा सभासद होता येत नाही. परंतु महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २२ मध्ये एक परंतुक आहे. केवळ शाळेच्या किंवा कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या हितासाठी काढलेल्या संस्थेला ही अट लागू नाही. तेव्हा चौदा वर्षांचा पोरगाही आपल्या शाळेच्या भांडाराचा रीतसर भागधारक होऊ शकतो.

आता असे भांडार पुण्यात कसबा पेठेत काढायचे म्हटले, तर कसे चालेल ते बघू. कसबा ही पुण्याची मूळ वस्ती. ग्रामदैवत कसबा गणपती तिथलाच, लाल महाल तिथलाच, आणि बाळ शिवबाच्या हाताने सोन्याचा नांगर फिरवून ओसाड पुणे पुन्हा लागवडीला आणले असे जे सांगतात, तेही याच भागातले. पेठेत अजून तांबट आळी आहे. तांब्याच्या भांड्यावर ठोके देऊन मठारकाम करतात, त्याचा आवाज गल्लीत शिरताच कानावर पडतो. बुरूड आळी आहे, टोपल्या-सुपं विणणारी. कागदीपुरा हे नावच सांगते की तिथे एके काळी कागद होत असे. अशा पेठेतल्या मुलाला भांडवल, मजुरी आणि नफा हे शब्द फळ्यावर नव्याने शिकवावे लागत नाहीत. त्याला शिकवायचे ते एवढेच, की दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब स्वतःच्या पैशाच्या हिशेबाहून वेगळा ठेवायचा असतो.

आकडे आमचे, केवळ समजण्यासाठी धरलेले. दोनशे मुलांनी पन्नास रुपयांचा एकेक भाग घेतला, भांडवल झाले १०,००० रुपये. अप्पा बळवंत चौक पेठेपासून हाकेच्या अंतरावर. तिथून घाऊक भावाने तीस रुपयांना एक, अशा ३०० वह्या आणल्या, ९,००० रुपये गेले. छापील किंमत चाळीस. मुलांनी त्या छत्तिसाला विकल्या. आले १०,८०० रुपये. रिक्षा, पावतीपुस्तकं वगैरे खर्च २०० रुपये वजा जाता उरले १,६००. वर्षात असा माल पाच वेळा फिरला तर निव्वळ नफा ८,००० रुपये.

यापुढचे आपल्या वार्षिक सभेला बसणाऱ्या सभासदाला नवे नाही. कलम ६६ प्रमाणे किमान चौथा हिस्सा, म्हणजे २,००० रुपये, राखीव निधीत. लाभांश सर्वसाधारणपणे शेकडा १५ च्या वर नाही, म्हणजे जास्तीत जास्त १,५०० रुपये. आणि कलम ६९ नुसार धर्मादाय वा सार्वजनिक कामासाठी निव्वळ नफ्याच्या शेकडा २० पर्यंत, म्हणजे १,६०० रुपये, रीतसर मंजुरी घेऊन देता येतात. शिक्षण निधीची वर्गणी असेल ती देऊन बाकी रक्कम खरेदीच्या प्रमाणात सवलत म्हणून परत करावी किंवा पुढे ओढावी.

तर मुलांच्या समाजसेवेला दुकानातून हक्काने मिळाले ते १,६०० रुपये. तेवढेच. आणि तेही दोनशे जणांच्या मालकीचे. मंडळाच्या चिटणिसाला वाटले म्हणून देऊन टाकले असे करता येत नाही; सभा घ्यावी लागते, ठराव करावा लागतो, आणि कुणी उठून "आम्हांला सवलत जास्त द्या, दान नको" म्हणाला तर त्याचेही ऐकून घ्यावे लागते. आमच्या मते सबंध उपक्रमात शिकण्यासारखी जागा हीच. दान करताना हात सैल सोडणे सोपे असते, दोनशे मालकांना पटवून देणे अवघड.

याच्या अगदी उलट दुसरा पैसा. मुलं डबा घेऊन पेठेत फिरली, लोकांनी पूरग्रस्तांसाठी म्हणून पाच-दहा रुपये टाकले. हा पैसा भांडाराचा नव्हे, मुलांचा नव्हे, शाळेचाही नव्हे. त्याचे पावतीपुस्तक निराळे, वही निराळी, आणि तो दुकानाच्या गल्ल्यात एक दिवससुद्धा ठेवू नये. मोजताना दोघे-तिघे हजर असावेत, आकडा त्याच दिवशी फळ्यावर लिहावा. वह्यांचा माल संपत आला आणि मदतीचा पैसा नुसता पडून आहे, तर तात्पुरता वापरू, आठवड्यात परत टाकू, असा मोह हुशार पोरालाच पहिल्यांदा होतो. बिघाड तिथूनच सुरू होतो, मग संस्था पोरांची असो की थोरांची.

पुण्याला अशा मदतीचा अनुभव मोठा आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही गेले, आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. कसब्याचा नदीकडचा भागही त्यात सापडला. शाळांच्या इमारतींत निराधार कुटुंबे उतरली. अशा वेळी कपडे, धान्य, भांडी यांचा लोंढा येतो, आणि खरी टंचाई पडते ती आलेला माल वेगळा लावून, मोजून, यादीप्रमाणे गरजूंच्या हाती पोचवणाऱ्याची. मालाची आवक-जावक लिहायची सवय असलेला पोरगा त्या दिवशी चार पुढाऱ्यांच्या तोडीचा ठरतो.

निर्माल्याचे कामही असेच. गणेशोत्सवात ओंकारेश्वराजवळच्या घाटावर उभे राहून लोकांच्या हातची फुले-दूर्वा घ्यायची, हे बघायला सोपे. पण हार प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो, त्यात थर्माकोल असते, जरीची दोरी असते. ते वेगळे केले नाही तर खत होत नाही. गोळा केलेले कुठे जाते, कोण नेतो, त्याला त्याचे मोल मिळते का, हे विचारणे व्यवसाय मंडळाच्या मुलांचे काम. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ साली उभी राहिली; तिच्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था झाली आणि २००८ साली तिचा महापालिकेशी करार झाला. घाटावर एक दिवस हातमोजे घालून उभ्या राहिलेल्या मुलाने, रोज हे काम करणाऱ्या बाईची संस्था तिची स्वतःची आहे हे समजून घेतले, तर त्याचा दिवस फुकट गेला नाही.

आता आपल्या दारातले बोलू. गळीत हंगामात ऊसतोड कामगारांची मुलं आई-बापांबरोबर फडावर येतात, शाळा अर्धी टाकून. त्यांच्यासाठी जागोजाग साखरशाळा निघाल्या, काही टिकल्या, काही बंद पडल्या. अशा मुलांना एका कार्यक्रमात वह्या-दप्तरे वाटतात, फोटो निघतो, आणि फेब्रुवारीत वही संपलेली असते. चाळीस मुलांना दरमहा दोन वह्या, पाच महिने, म्हणजे ४०० वह्या. वरच्याच भावाने १२,००० रुपये. शाळकरी भांडाराच्या १,६०० रुपयांत त्रेपन्न वह्या येतात! उरलेल्या वह्यांचे काय, हा सवाल मुलांना विचारण्याआधी आपण आपल्यालाच विचारायला हवा. आपली सूचना अशी आहे, की परिसरातल्या हायस्कुलात असे भांडार निघाले, तर वह्यांची खरेदी, दर महिन्याची मोजणी आणि वाटपाची यादी मुलांनी सांभाळावी, आणि कमी पडणारी रक्कम कारखान्याच्या सार्वजनिक कामाच्या निधीतून द्यावी. येत्या वार्षिक सभेत हा विषय मांडण्याची इच्छा असलेल्या सभासदांनी मुदतीत लेखी सूचना द्यावी.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो. सहकारी वर्ष ३१ मार्चला संपते, आणि नेमके त्याच सुमारास दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. तेव्हा चिटणीस आणि खजिनदार नववी किंवा अकरावीतले असावेत, आणि शाळा सोडून जाणाऱ्या मुलांचे पन्नास रुपये परत करण्याचे काम निकालाच्या दिवसापर्यंत न ठेवता जानेवारीतच यादी करून हाती घ्यावे.