काट्यावर दिसलेली लढाई

लायन गेटसमोर ऊन चढलं आहे. डॉकयार्डातून सुटलेली माणसं घाईघाईनं रस्ता ओलांडतात, आणि या वर्दळीत विक्रांत स्मारकापाशी काका उभे आहेत. नौदलातून निवृत्त झालेले अभियंता अधिकारी, आमचे शेजारी. विमानवाहू नौका ‘विक्रांत’ १९६१ साली बेलफास्टला भारतीय नौदलात दाखल झाली, ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, काही वर्षं संग्रहालय म्हणून मुंबईतच राहिली आणि अखेर तिथल्याच दारूखाना भागातल्या जहाजतोडणी यार्डात तोडली गेली. या स्मारकात तिचंच लोखंड आहे. काका वाकून त्यातले वेल्डिंगचे सांधे तपासतात.

“एकाहत्तरच्या युद्धातला चितगावचा हल्ला तुम्ही पाहिला असेल ना?” मी विचारते.

“मी? मी खाली, बॉयलर रूममध्ये. सकाळ की दुपार तेसुद्धा घड्याळावरून कळायचं.”

मग ते डाव्या हाताची मूठ धरतात, उजव्याचं बोट तिच्यावर ठेवतात. हा दाबाचा काटा. “वर विमान ढकलणाऱ्या कॅटपल्टला लागते ती वाफ आमच्याच बॉयलरची. विमान सुटलं की काटा असा खाली.” बोट घसरतं. “गेलं एक! लगेच तेल वाढवा, हवा वाढवा, काटा जागेवर आणा. मागे दुसरं विमान उभं असतं.” बोट पुन्हा वर सरकतं, थरथरत. बाजूनं बस जाते तसा त्यांचा आवाजही चढतो. ब्लोअरच्या गोंगाटात बोलायची जुनी सवय असावी.

डिसेंबर १९७१. चारपैकी एका बॉयलरला भेग गेलेली, म्हणून जहाजाच्या वेगाला मर्यादा. आणि विमान उडवायचं तर जहाज वाऱ्याच्या तोंडाशी वळवून पळवावं लागतं. वारा पडलेला असला की उरलेली सगळी भिस्त इंजिनावर. ४ डिसेंबरला सी हॉक विमानं कॉक्स बाजार आणि चितगाववर गेली, हे आपण वाचतो. वैमानिकांची नावं सांगितली जातात, ती सांगायलाच हवीत. पण त्या प्रत्येक उड्डाणाखाली डांगरी घामानं भिजवत काट्यावर डोळे लावून बसलेली माणसं होती, आणि त्यांच्याविषयी आपण फार कमी लिहिलं आहे. मला हे अन्यायाचं वाटतं.

“परत आलेली कशी कळायची?”

“पायाला. तारेत हूक अडकला की प्लेटमधून हादरा यायचा. गेलेली मोजायची, आलेली मोजायची. आकडा जुळेपर्यंत कुणी चहाला हात लावायचा नाही.”

काका माझी वही मागून घेतात. स्मारकाच्या कडेला टेकून आराखडा काढतात: यंत्रांची दोन वेगवेगळी दालनं, प्रत्येकात दोन बॉयलर आणि एक टर्बाइन, म्हणजे एकाला टॉर्पेडो लागला तरी दुसरं चालेल. एका बॉयलरवर फुली मारतात.

“आता पाणी लिही. टर्बाइनची वाफ थंड होऊन पुन्हा पाणी बनून बॉयलरकडे येते. कॅटपल्टची येत नाही, हवेत जाते. तेवढं गोडं पाणी समुद्रातून नव्यानं काढायचं. म्हणून आधी बॉयलर प्यायचा, उरलं तर आमची अंघोळ.”

पान भरतं. ते उलटून काका कंडेन्सर काढायला घेतात.