पाळणा आणि ‘ड’ जीवनसत्त्व

धानाच्या बांधीत राबणाऱ्या बाईच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघालं, की घरचे चक्रावतात. गोंदियात उन्हाला काय तोटा! पण ‘ड’ बनवणारे किरण कातडीपर्यंत पोचावे लागतात. रोवणीच्या वेळी आभाळ भरलेलं, डोक्यावर पदर, अंग झाकलेलं. बिड्या वळणारी तर दिवसभर सावलीतच बसते. सावळ्या कातडीला ऊनही जास्त वेळ लागतं. राहिलं ताट, तर भात-वरण-भाजीत ‘ड’ नावालाच.

मूल होत नाही म्हणून नागपूरची गाडी धरणाऱ्या जोडप्याच्या फायलीत हा रिपोर्ट असला तर नवल नाही. अंडाशय, गर्भाशयाचं अस्तर आणि वार यांच्या पेशींत ‘ड’चा संदेश टिपणारी प्रथिनं असतात, म्हणून डॉक्टर त्याची चौकशी करतात. साधारणपणे मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता आणि ३०च्या वर पुरेसं, असं धरतात.

२०१८ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ११ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत सुमारे २,७०० स्त्रिया होत्या. ‘ड’ पुरेसं असलेल्यांमध्ये टेस्ट-ट्यूबसारख्या उपचारांनंतर बाळ जन्मण्याचं प्रमाण जास्त दिसलं. बातमी आकर्षक होती. पण ‘ड’ कमी असलेल्या बाईचं वजन अनेकदा जास्त असतं, उन्हातली हालचाल कमी असते. मग दोष ‘ड’चा की या बाकीच्यांचा?

याची परीक्षा इटलीत झाली. ‘ड’ कमी असलेल्या ६३० स्त्रियांपैकी काहींना टेस्ट-ट्यूब उपचाराआधी ‘ड’चा ६ लाख एककांचा एकच मोठा डोस दिला, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली मात्रा. २०२१ मध्ये निकाल छापून आला: डोस घेतलेल्यांमध्ये ३७ टक्के गर्भधारणा, न घेतलेल्यांमध्ये ४० टक्के. म्हणजे फायदा दिसला नाही. त्या स्त्रिया सडपातळ ते मध्यम वजनाच्या होत्या, म्हणून जास्त वजनाच्यांबद्दल हा निकाल काही सांगत नाही, हे खरं. तरी ‘ड भरलं की पाळणा हलेल’ हे आश्वासन मला पटत नाही.

कमतरता असेल तर ती भरून काढावीच. आईच्या हाडांना आणि पोटातल्या बाळालाही ते लागतं. पण त्याच्या नादात मोठ्या गोष्टी मागे पडू नयेत. बाईचं वय, बंद नळ्या, पाळीचं बिघडलेलं चक्र या त्या गोष्टी. आपल्याकडे प्रजनन अवयवांच्या क्षयानेही नळ्या बंद होतात. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी! सून दोन वर्षं दवाखाने फिरते आणि ही स्वस्त तपासणी शेवटी आठवते, हे थांबायला हवं.

उपचाराआधी त्या उपचार केंद्राची टेस्ट-ट्यूबसारख्या उपचारांसाठीच्या २०२१च्या कायद्यानुसार नोंदणी आहे का, ते विचारा. आणि ‘ड’ची ६० हजार एककांची पुडी बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, लवकर गुण यावा म्हणून ती रोज घेऊ नका, रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.