वायूची वाट

शेगडीची कळ फिरवितांच निळी ज्योत उमटते. ती कोठून येते ह्याचा विचार आपल्या घरांतून क्वचितच होतो. मुंबईंतील अनेक घरांत १९९५ नंतर, आणि पुढें पुण्यांतही, सिलिंडराच्या जागीं भिंतींतून आलेली बारीक नळी दिसूं लागली. ह्या नळीचें मूळ शोधीत गेल्यास आपण थेट समुद्रांत पोहोंचतों. परंतु तेथवर जातांना पुष्कळांच्या शेतांतून जावें लागतें, आणि त्या शेतांविषयींच आम्हांस आज विशेष बोलावयाचें आहे.

१९७४ सालीं मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर समुद्रतळाखालीं तेल सांपडलें. दोन वर्षांनीं, १९७६ सालीं, वसईच्याच नांवानें ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्रांत वायूचा मोठा सांठा हातीं लागला. तेल पिंपांत भरून ठेवतां येतें; वायूचें तसें नाहीं. त्याला वाट नसेल तर तो जागच्या जागीं जाळावा लागतो, आणि आरंभीच्या वर्षांत तेलाबरोबर वर आलेला पुष्कळसा वायु भर समुद्रांत खरोखरच जाळला गेला. घरांत चुलीला लाकूड नाहीं आणि अंगणांत होळी भडकली आहे, असाच हा प्रकार!

मुंबईच्या तेलक्षेत्रांतील वायु नळीनें उरणला आला, आणि ट्रॉम्बे व थळ येथील खतांच्या कारखान्यांस मिळाला. वसईचा वायु मात्र समुद्राखालून सुरतेजवळ हजिऱ्यास नेण्यांत आला. त्यांत गंधकाचा विषारी अंश असतो. तो तेथें काढून टाकतात. तेथून मध्य प्रदेशांतील विजयपूर आणि उत्तर प्रदेशांतील जगदीशपूर येथपर्यंत सुमारें १,७०० किलोमीटरांची नळी घालावयाची, ह्यासाठीं १९८४ सालीं केंद्र सरकारनें ‘गेल’ ही कंपनी स्थापिली. ही वाट चुलींसाठीं नव्हती, खतासाठीं होती. वायूंतून हायड्रोजन काढावयाचा, हवेंतील नायट्रोजनाशीं त्याचा संयोग करून अमोनिया करावयाचा आणि त्यापासून युरिया. वसईचें धन उत्तरेच्या गव्हास मिळालें आणि जवळचीं घरें मागें राहिलीं, ह्याबद्दल कुरकुर ऐकूं येते. आम्हांस तो क्रम योग्यच वाटतो. धान्यच नसेल तर शेगडी काय कामाची?

ह्याच वायूनें दुसरेंही एक काम केलें. ताजमहालाचा संगमरवर धुरानें काळवंडूं लागल्यामुळें सर्वोच्च न्यायालयानें ३० डिसेंबर १९९६ रोजीं त्या भागांतील २९२ कारखान्यांस कोळसा सोडून वायु घेण्याचा अथवा जागा सोडण्याचा हुकूम दिला. जवळच फिरोजाबाद आहे. आपल्या घरच्या सुवासिनींच्या हातांतील कांचेच्या बांगड्या ज्या गांवीं होतात, तेथील भट्ट्यांसही आतां वायु मिळतो.

आतां शेताची गोष्ट. १९६२ च्या कायद्याप्रमाणें सरकार जमीन विकत घेत नाहीं. केवळ तिच्याखालून नळी नेण्याचा हक्क घेतें. सातबाऱ्यावर नांव शेतकऱ्याचेंच राहतें. त्यानें तेथें भात पेरावा, ज्वारी पेरावी. परंतु त्या पट्ट्यावर घर बांधूं नये, विहीर खणूं नये, झाड लावूं नये. मोबदला म्हणून कायद्यांत जमिनीच्या बाजारभावाचा दहावा हिस्सा सांगितला आहे. पिकाच्या व झाडांच्या नुकसानीची भरपाई निराळी. दाभोळहून बेंगळुरूकडे जाणारी नळी २०१३ सालीं सुरू झाली. ती रत्नागिरी जिल्ह्यांतून निघून सह्याद्रि चढते. ज्या मुलखांत आजोबांनीं लावलेल्या कलमांवर नातवाचें शिक्षण होतें, तेथें ‘झाड लावूं नये’ ह्या तीन शब्दांची किंमत दहाव्या हिश्शांत बसते असें आम्हांस वाटत नाहीं. केरळांत कोची–मंगळूर ही ४५० किलोमीटरांची नळी २०२१ च्या जानेवारींत सुरू झाली. परंतु तत्पूर्वीं जमीनवाल्यांनीं वर्षानुवर्षें विरोध केला, आणि अखेरीस तेथील सरकारला मोबदला वाढवावा लागला. जें भांडून द्यावें लागलें तें आधींच कां देऊं नये?

शिवाय नळीच्या शेजारचा धोकाही त्याच्याच वांट्यास येतो. नळी आंतून घांसण्यास जें यंत्र सोडतात त्यास ह्या धंद्यांतील मंडळी ‘पिग’ म्हणजे डुक्कर म्हणतात. नांव हंसण्यासारखें असलें तरी गंज वेळीं न ओळखला तर काय होतें हें आंध्रांतील नगरम् गांवानें पाहिलें. २७ जून २०१४ च्या पहांटे तेथें गंजलेल्या नळींतून सुटलेला वायु पेटला आणि वीसांहून अधिक माणसें गेलीं.

एवढें सोसूनही त्या शेतकऱ्याच्या चुलीस तो वायु सहसा मिळत नाहीं. मोठ्या नळींतील दाब इतका प्रचंड असतो कीं तीस घरगुती तोटी लावतां येत नाहीं. दाब उतरविणारें ठाणें आणि गांवभर बारीक नळ्यांचें जाळें लागतें, आणि तें खर्चाच्या हिशोबानें आधीं शहरांत होतें. म्हणून शेताखालून वायु वाहत असतांना त्या घरची गृहिणी अजून सिलिंडराच्या गाडीची वाट पाहत असते.