बर्फाखालची मोजदाद

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, जेम्स उपसागराच्या पूर्वेला, हिवाळा लागला की तळी गोठतात आणि बर्फाचा थर हातभर किंवा त्याहूनही जाड होतो. त्या थराखाली बीव्हर जागा असतो. वीस-पंचवीस किलो वजनाचा हा कुरतडणारा प्राणी शीतनिद्रा घेत नाही. पानगळीच्या दिवसांत तो अ‍ॅस्पेन, वाळुंज, भूर्ज अशा झाडांच्या फांद्या तोडून घराजवळच्या पाण्यात बुडवून ठेवतो आणि बर्फ वितळेपर्यंत अख्खं कुटुंब त्या बेगमीवर जगतं. घर काटक्या-चिखलाचं असतं आणि त्याची दारं पाण्याखाली असतात. हिवाळाभर ये-जा होते ती मुख्यतः घर आणि बेगमी यांच्या दरम्यान. इथल्या क्री आदिवासींना ही ये-जा वाचता येते. बर्फावर पहार ठोकली की कुठे तो पातळ आहे आणि कुठे खाली पोकळी आहे, हे आवाजावरून समजतं. पोहताना सोडलेले श्वासाचे बुडबुडे बर्फाला खालून चिकटून गोठतात आणि त्यांच्या रांगेवरून वाट सापडते. घराच्या माथ्यावरचं हिम आतल्या उबेने वितळून भोक पडलं असेल, तर घर वसतं आहे. बर्फाबाहेर डोकावणाऱ्या फांद्यांवरून बेगमीचा अंदाज येतो आणि बेगमीवरून कुटुंबाचा. मग बर्फ फोडून दारासमोर सापळा उतरवतात. पंचवीस सेंटिमीटरची चौकोनी चौकट, दोन दमदार स्प्रिंगा, मधोमध तारेचा खटका. ती बांधायची वाळलेल्या खांबाला, कारण खांब ओला असेल तर बीव्हर त्यालाच कुरतडू लागतो. सततच्या वर्दळीमुळे दाराजवळचा बर्फ पातळ राहतो, म्हणून हे काम माणसाच्याही जिवावर बेतू शकतं.

एवढ्या तपशिलात शिरण्याचं कारण आहे. फरसाठी होणारी शिकार म्हणजे प्राण्याचा समूळ नाश, असं आपण सहज धरून चालतो. बीव्हरच्या बाबतीत इतिहास वेगळं सांगतो. हिवाळ्यात बीव्हर एका ठिकाणी बांधलेला असतो, म्हणून तो मोजता येतो, आणि जो मोजता येतो तो राखताही येतो. अट एकच: तळं कोणाच्या तरी जबाबदारीत असलं पाहिजे आणि ती जबाबदारी इतरांनी मानली पाहिजे. क्री लोकांत कुटुंबागणिक शिकारीचे प्रदेश ठरलेले असतात आणि प्रत्येक प्रदेशाचा एक जाणता कारभारी असतो. कोणत्या घरातून किती बीव्हर घ्यायचे आणि कोणत्या तळ्याला हात लावायचा नाही, हे तो ठरवतो. मानववंशशास्त्रज्ञ हार्वे फाइट यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून वास्वानिपी गावच्या क्री शिकाऱ्यांचा अभ्यास केला. एखादा भाग काही वर्षं पडीक ठेवून बीव्हरची संख्या भरू द्यायची, ही पद्धत त्यांनी तपशिलाने नोंदवली आहे.

ही अट मोडली की काय होतं, याचे दोन पुरावे आहेत. बीव्हरच्या मऊ अंतर्लोकरीचं नमदं युरोपात टोप्यांसाठी वापरलं जाई आणि त्या व्यापारासाठी १६७० मध्ये हडसन्स बे कंपनीला इंग्लंडच्या राजाची सनद मिळाली. १८२०च्या दशकात अमेरिकी सापळेकऱ्यांनी आपल्या हद्दीकडे फिरकू नये म्हणून याच कंपनीने आजच्या वायव्य अमेरिकेतल्या स्नेक नदीच्या खोऱ्यातले बीव्हर मुद्दाम संपवण्याचं धोरण आखलं. त्या खोऱ्यावर उद्या आपला ताबा राहील याची तिला खात्री नव्हती, त्यामुळे राखून ठेवण्यात तिला अर्थ दिसला नाही. दुसरा पुरावा शंभर वर्षांनंतरचा, क्री प्रदेशातलाच. पहिल्या महायुद्धानंतर फरचे भाव चढले, उत्तरेकडे रेल्वे पोहोचली, आणि बाहेरचे सापळेकरी एक भाग रिकामा करून पुढच्या भागात जाऊ लागले. आपण राखलेला बीव्हर उद्या परका नेणार, हे दिसल्यावर क्री कुटुंबांचाही संयम सुटला. १९३०च्या आसपास रूपर्ट हाउस परिसरातून बीव्हर जवळजवळ नाहीसा झाला आणि माणसांवर उपासमारीची पाळी आली. तिथल्या हडसन्स बे कंपनीच्या ठाण्यावरचे जेम्स आणि मॉड वॉट हे दांपत्य मग उरलेल्या बीव्हरच्या रक्षणासाठी पुढे आलं. मॉड वॉट यांनी क्वेबेक सरकारकडे पाठपुरावा केला आणि १९३२ मध्ये मोठा प्रदेश राखीव म्हणून मिळवला. परक्यांना बंदी झाली, प्रत्येक कुटुंबाच्या प्रदेशात वसती घरं मोजण्याचं काम क्री मोजणीदारांकडे आलं, आणि दशकभरात शिकार पुन्हा सुरू करता आली. पहार तीच होती आणि शिकारीही तेच होते. बदलली होती ती उद्याची शाश्वती.

यावर पहिला आक्षेप असा, की भाव चढले की कोणाचाही मोह अनावर होईल. म्हणूनच क्री लोक आणि सरकार यांच्यातला १९७५चा जेम्स बे करार महत्त्वाचा वाटतो. त्यातून उभ्या राहिलेल्या योजनेत रानात राहून शिकार करणाऱ्या क्री कुटुंबांना, तिथे घालवलेल्या दिवसांच्या हिशेबाने उत्पन्नाची हमी मिळते. घर फक्त कातड्यांवर चालत नसेल, तर तळं पडीक ठेवणं परवडतं. शिवाय क्री घरात बीव्हर हे आधी अन्न असतं, फर नंतर. मांस खाल्लं जातं, चरबीदार शेपटीला विशेष मान असतो, आणि हाडं कुत्र्यांच्या तोंडी जाऊ नयेत म्हणून झाडाला टांगतात किंवा पाण्यात सोडतात.

दुसरा आक्षेप वेदनेचा. तो अधिक गंभीर आहे आणि त्यातून पळवाट काढता येत नाही. बीव्हर पंधरा मिनिटांपर्यंत श्वास रोखू शकतो. त्यामुळे जो फास किंवा सापळा त्याला नुसता पाण्याखाली धरून ठेवतो, तो त्याला मिनिटांमागून मिनिटं गुदमरवत मारतो. युरोपीय संघाने पाय पकडणाऱ्या सापळ्यांवर १९९१ मध्ये बंदी घातली. त्या दबावातून १९९७ मध्ये कॅनडाबरोबर करार झाला, आणि मारक सापळ्यात बीव्हर किंवा पाणमांजर ३०० सेकंदांच्या आत बेशुद्ध व्हावं, असं त्यात ठरलं. पाच मिनिटं ही मर्यादासुद्धा फार सैल आहे. मान किंवा छाती दाबून झटपट मारणारा चौकटीचा सापळा समजण्यासारखा आहे, पण पाण्याखालच्या फासाचं समर्थन परंपरेच्या नावानेही होऊ नये. मोजून केलेली शिकार बीव्हरची जात वाचवते. मरणाऱ्या एका बीव्हरच्या यातना मात्र त्या मोजणीने कमी होत नाहीत.

आणि इथेच पाणमांजराचा प्रश्न येतो. बीव्हर जो बंधारा बांधतो त्यामागचं तळं पाणमांजरालाही हवं असतं, कारण तिथे मासे आणि आसरा दोन्ही मिळतात. बंधाऱ्याला भगदाड पाडून ते पाण्याची पातळी उतरवतं, म्हणजे बर्फाखाली श्वास घ्यायला पोकळी मिळते. बीव्हरसाठी लावलेल्या सापळ्यात मग तेही सापडतं. पण त्याला बेगमी नाही, कायमचं घर नाही. ते अनेक किलोमीटर भटकतं, आणि त्याची पिल्लावळ हळू वाढते: मीलनानंतर गर्भ महिनोन्‌महिने वाढ न होता थांबून राहतो. तळ्याकाठी बसून त्याची मोजदाद होत नाही, म्हणून बीव्हरच्या बाजूने केलेला युक्तिवाद त्याला लागू पडत नाही. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातून पाणमांजर जवळपास संपलं होतं. १९८२ ते १९९२ या काळात बाहेरून आठशेहून अधिक आणून सोडावी लागली. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पाणमांजरांच्या शिकारीला मनाई आहे, तीही याच कारणाने रास्त ठरते. सह्याद्रीच्या ओढ्यांत किंवा गोव्याच्या खाड्यांत किती पाणमांजरं आहेत हे जिथे कोणालाच नेमकं सांगता येत नाही, तिथे किती मारावीत हे कोण ठरवणार? क्वेबेकमध्येही पाणमांजराच्या शिकारीची मर्यादा एकट्या कारभाऱ्याच्या अंदाजावर सोडू नये. बीव्हरच्या सापळ्याचा खटका मधून एका कडेला सरकवला, तर रुंद बीव्हर अडकतो आणि सडपातळ पाणमांजराला बाजूने निसटायची संधी मिळते. जिथे पाणमांजराचा वावर आहे अशा तळ्यांवर एवढा बदल तरी सक्तीचा करायला हवा.