ग्रीष्मातील पादशोथ : औषधापूर्वी परीक्षण

चैत्र सरत आला की चिकित्सालयात एक तक्रार वारंवार ऐकू येते : "संध्याकाळी पाय भरून येतात, चप्पल घट्ट होते." दिवसभर उभे राहणारे दुकानदार, एस.टी.चे चालक, शिक्षिका, लग्नसराईत लांबचा प्रवास केलेली वयस्क मंडळी हे यातील नेहमीचे रुग्ण. त्यांतील अनेकांनी आमच्याकडे येण्यापूर्वीच औषधी दुकानातून पुनर्नवेचा एखादा कल्प घेतलेला असतो. हा शोथ बहुधा निरुपद्रवी असतो. परंतु साधा व गंभीर शोथ प्रथमदर्शनी सारखेच दिसतात. म्हणून वैद्य व औषधविक्रेते या दोघांनीही या विषयाचा विचार करणे अगत्याचे आहे.

हेतू व संप्राप्ती

ग्रीष्मात वाताचा संचय होतो व शरीरबल क्षीण होते. या ऋतूत लवण, अम्ल व कटू रस वर्ज्य सांगितले आहेत. प्रत्यक्षात मात्र लोणचे, पापड, कुरडया व मिठाचे सरबत यांचा सुकाळ याच दिवसांत असतो. सैंधव पथ्यकर मानले तरी त्यातही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच असते, हे रुग्णास स्पष्ट सांगावे.

आधुनिक शरीरक्रियाविज्ञानानुसार उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारतात. पाय लोंबते राहिल्यास रक्त खाली साचते व त्यातील द्रवांश भोवतालच्या धातूंत झिरपतो. उन्हाळ्याच्या आरंभी शरीर मीठ व पाणी धरून ठेवते, त्याचीही भर पडते. शरीर उष्णतेस सरावले की हा शोथ आपोआप उतरू लागतो.

परीक्षण

चरकसंहितेत वातज शोथ दिवसा बलवान, दाबून सोडताच वर येणारा, तर कफज शोथ रात्री बलवान व दाबल्यावर सहज वर न येणारा असा भेद सांगितला आहे. साधा ग्रीष्मज शोथ दोन्ही पायांना सारखा, घोट्यापर्यंत, वेदनारहित असून दिवसा वाढतो व रात्रीच्या निद्रेनंतर पुष्कळसा ओसरतो. सकाळीही तो तसाच राहत असेल तर निदानाचा फेरविचार करावा.

पुढील लक्षणांत विलंब न करता रुग्णास योग्य तपासणीसाठी पाठवावे : एकाच पायास अचानक सूज व पोटरीत वेदना (शिरेत रक्ताची गुठळी असण्याचा संभव), दम लागणे, विशेषतः आडवे पडल्यावर, सकाळी चेहरा सुजणे, लघवी कमी किंवा फेसाळ होणे, कावीळ वा पोट फुगणे, ज्वरासह लाली, गर्भिणीत सूज, डोकेदुखी व वाढलेला रक्तदाब. विदर्भात हत्तीरोग आढळणाऱ्या भागांतील रुग्णांत श्लीपदाचाही विचार व्हावा.

रुग्ण कोणती औषधे घेतो, हे अवश्य विचारावे. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या अॅम्लोडिपिनने अनेकांच्या घोट्यांना सूज येते. वेदनाशामक गोळ्यांनी मीठ व पाणी अंगात साठते. अशा वेळी गोळी परस्पर बंद न करता ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी संपर्क साधावा. आपल्याकडील ज्येष्ठमधही येथे निर्दोष नाही. आम्लपित्तासाठी ते अधिक मात्रेत व दीर्घकाळ घेतल्यास सूज येते व रक्तदाब वाढतो.

उपाय

साध्या शोथात विहार हीच मुख्य चिकित्सा होय. दिवसातून दोन-तीन वेळा वीस ते तीस मिनिटे उताणे पडून पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवावेत. एका जागी उभे राहणाऱ्यांनी अधूनमधून चार पावले चालावे, टाचा उचलाव्यात. बसणाऱ्यांनी घोटे वर-खाली हलवावेत. सायंकाळी पाय साध्या थंड पाण्यात बुडवावेत, बर्फ नको. पायाकडून वर मांडीकडे हलक्या हाताने अभ्यंग करावा. काशाच्या वाटीने तळवे घासल्यास दाह शमतो, परंतु शोथ त्यानेच उतरेल अशी अपेक्षा ठेवू नये.

आहारात यव, मूग, दुधी, पडवळ व अल्प लवण असावे. धने भरड एक भाग व थंड पाणी सहा भाग, रात्रभर भिजवून केलेला हिम सकाळी द्यावा. पाणी कमी करण्याचा सल्ला मात्र देऊ नये. उन्हात कष्ट करून भरपूर घाम गाळणाऱ्यांचे मीठही सरसकट बंद करू नये.

पुनर्नवा, गोक्षुर अशी मूत्रल द्रव्ये वा मूत्रल गोळ्या येथे प्रथम योजू नयेत. घामाने आधीच द्रवांश घटलेल्या रुग्णात मूत्रल औषध दिल्यास सूज फारशी हटत नाही. भोवळ, तृष्णा व बलक्षय मात्र वाढतात. पुनर्नवेत पोटॅशियम विपुल असल्याने वृक्कविकाराच्या रुग्णांत विशेष सावधगिरी हवी. पुनर्नवाष्टक क्वाथ व पुनर्नवा मंडूर हे श्रेष्ठ कल्प आहेत. परंतु त्यांचे स्थान निदान निश्चित झालेल्या शोथात आहे.

औषधविक्रेत्यांना विनंती

सुजेचे औषध मागणाऱ्या ग्राहकास चार प्रश्न विचारावेत : सूज एका पायास की दोन्ही? सकाळी उतरते का? दम लागतो का? कोणत्या गोळ्या चालू आहेत? एकही उत्तर शंकास्पद वाटल्यास औषध न देता वैद्याकडे पाठवावे. एका बाटलीची विक्री बुडेल. परंतु हृदयविकाराचा किंवा वृक्कविकाराचा रुग्ण महिनाभर सुजेचे औषध घेत घरी बसून राहणार नाही. आपल्या व्यवसायावरील लोकांचा विश्वास अशा दक्षतेनेच दृढ होतो, असे आम्हांस वाटते.